‘गॉथिक’ पार्टी किट: खोक्यावर कवटी, डबीत चमकी

ऑक्टोबरच्या अखेरीस हॅलोविनच्या निमित्ताने आणि पुढे थर्टी फर्स्टच्या तोंडावर पुण्यातल्या कॉस्मेटिक्सच्या दुकानांत एक खोका डोकावू लागतो. काळा-जांभळा पुठ्ठा, वर कवटी नाहीतर वटवाघूळ आणि टोकदार अक्षरांत ‘गॉथिक’. बनवणारे वेगवेगळे, पण आतला ऐवज जवळपास एकच: सुट्या काळ्या चमकीची डबी, गोंदाची बोटभर ट्यूब, काळी पेन्सिल, पांढऱ्या क्रीमची डबी, काळी लिपस्टिक आणि प्लॅस्टिकचे सुळे. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या अख्ख्या जातकुळीचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. पेन्सिल बरी. लिपस्टिक चालवून घ्यावी. गोंद बेभरवशाचा. चमकी पारखल्याशिवाय डोळ्याजवळ नेऊ नये. पांढरं क्रीम आणि सुळे यांचा गॉथ लोकांशी, म्हणजे एका संगीताभोवती जमलेल्या, काळा वेश-मेकअप करणाऱ्या मंडळींशी, संबंध तेवढाच, जेवढा नऊवारी नेसलेल्या बाहुलीचा पैठणी विणणाऱ्याशी.

सगळ्यात आधी चमकी, कारण पैसे तिचे मोजतो आणि धोकाही तिचाच. चमकी म्हणजे प्लॅस्टिकची, बहुधा पॉलिएस्टरची, पातळ फिल्म. तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर आणि रंग चढवतात आणि षटकोनी तुकडे कापतात. हस्तकलेची चमकी आणि डोळ्यांची चमकी यांची जन्मकथा इथवर सारखीच. फरक पडतो आकारात आणि रंगात. डोळ्यांसाठीची बारीक चमकी साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरची असते. हस्तकलेची सहज ०.४ मिलिमीटर, जाडी भरडी असेल तर १ मिलिमीटर. हा तुकडा पापणीच्या आत गेला की प्रत्येक उघडझापीला बुबुळावरून घासतो. खरचटलेल्या बुबुळाचं दुखणं काय असतं ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या चमकीवर कधी कधी ‘नॉन-टॉक्सिक’ छापलेलं असतं. त्यावर विसंबून ती डोळ्यांना लावणं ही सगळ्यात नेहमीची चूक. त्या शब्दाचा अर्थ विषारी नाही एवढाच. डोळ्याला टोचणार नाही असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तुळशीबागेतही नुसती ‘चमकी द्या’ म्हटलं तर नखांची, रांगोळीची, डोळ्यांची अशी कुठलीही डबी पुढ्यात येऊ शकते. ‘दादा, डोळ्याला लावायची आहे, लेबल असलेली दाखवा’ असं स्पष्ट मागावं. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, वापरण्याची मुदत, घटक आणि उत्पादन परवाना क्रमांक हवा. माल परदेशी असेल तर आयात नोंदणी क्रमांक हवा. लहान पॅकवर घटक लिहिण्याची सक्ती नसते, बाकीची ही कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० ची अट आहे. डबी चिमुकली असेल तर मजकूर बाहेरच्या खोक्यावर शोधा. तिथेही फक्त कवटीच असेल तर खोका परत ठेवा.

घरी आणल्यावर दोन चाचण्या. पांढऱ्या कागदावर चिमूटभर चमकी पसरून हात लांब करून बघा. हातभर अंतरावरून एकेक षटकोन वेगळा ओळखू आला तर ती डोळ्यांसाठी जाड आहे. दुसरी: कापसाच्या बोळ्यावर मेकअप रिमूव्हर नाहीतर तेल घ्या, त्यावर चमकी टाकून पाच मिनिटं थांबा. कापूस काळा-जांभळा झाला तर रंग सुटतोय. घाम आला की तो पापणीवरही सुटणार. या दोन्हींत पास झाली म्हणजे सुरक्षितच, असं नाही. नापास झाली तर मात्र प्रश्नच मिटला. शेवटी कोपराच्या आतल्या बाजूला गोंदासकट थोडीशी लावून एक दिवस ठेवा. खाज, लाली आली तर पुढे जाऊ नका.

ज्यांना ही कटकट नको त्यांनी दाबून बसवलेली, म्हणजे प्रेस्ड चमकी घ्यावी, नाहीतर शिमर. शिमर हा वेगळाच प्राणी. त्यात प्लॅस्टिकचे तुकडे नसतात, अभ्रकाची पूड असते, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइड चढवलेली. ठिणगीसारखी चमक येत नाही, ओल्या दगडासारखी येते. काळ्या डोळ्यांवर खरं तर तीच जास्त शोभते. अभ्रक झारखंड-बिहारच्या पट्ट्यातूनही येतं आणि तिथल्या खाणींत मुलं राबतात हे जुनं, लाजिरवाणं वास्तव आहे. घटकांच्या यादीत ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ असेल तर ते कारखान्यात तयार केलेलं अभ्रक, खाणीतलं नव्हे.

आता गोंद. किटमधल्या ट्यूबवर बऱ्याचदा घटक लिहिलेलेच नसतात. खोट्या पापण्यांचा गोंद असेल तर त्यात लॅटेक्स असू शकतं. रबरी हातमोज्यांनी हात खाजणाऱ्यांनी तो टाळावा. ग्लिटर प्रायमर म्हणून चमकी धरून ठेवणारी वेगळी ट्यूब मिळते, तीच घ्या; पुढे ‘गोंद’ म्हणजे तीच. व्हॅसलीनवर चमकी चिकटते हे खरं, पण व्हॅसलीन सुकत नाही, त्यामुळे तासाभरात सगळा माल गालावर. फेव्हिकॉलचा विचारसुद्धा नको.

लावण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी डोळे, मग चेहऱ्याचं फाउंडेशन. उलट केलं तर खाली सांडलेली काळी चमकी फाउंडेशनमध्ये रुतते आणि चेहरा चुलीपुढे बसल्यासारखा दिसतो. पापणी पुसून कोरडी करा, प्रायमरचा पातळ हात द्या. त्यावर काळी किंवा वांगी रंगाची मॅट आयशॅडो. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर नुसती काळी चमकी लावली तर मधल्या फटींतून त्वचा दिसते आणि पापणी मळकी वाटते. खालचा गडद रंग त्या फटी बुजवतो. जास्तीची पूड ब्रशने झटका. सुट्या पुडीवर गोंद लावला तर तो पुडीला धरतो, पापणीला नाही. मग ती पूड चमकीला घेऊन निघते.

गोंद एका डोळ्याला मुगाच्या दाण्याएवढाच. बोटाने पसरा, वीस-तीस सेकंद थांबा, बोट टेकवल्यावर चिकचिक लागली की तयार. ओल्या गोंदावर चमकी तरंगते आणि तिचे गठ्ठे होतात. पूर्ण वाळलेल्यावर ती बसतच नाही. चपट्या, सिंथेटिक केसांच्या ब्रशवर थोडी चमकी घ्या, ब्रश डबीच्या कडेवर ठोका आणि पापणीवर दाबून ठेवा, उचला, पुन्हा दाबा. फासायचं नाही. फासलं की मधे टकलं पडतात आणि ती झाकायला दुसरा थर येतो. जाड थर डोळा उघडताना तडकतो. पापण्यांच्या केसांपासून दोन मिलिमीटर जागा सोडा आणि पापणीच्या घडीच्या थोडं खालीच थांबा. घडीत गेलेली चमकी सगळ्यात आधी गळते, कारण ती जागा दिवसभर मिटत-उघडत असते. ज्यांची पापणी घडीवर उतरते त्यांनी चमकी फक्त मधोमध, बुबुळाच्या वर, नखाएवढ्या भागात लावावी. डोळ्याच्या आतल्या कडेवर चमकी कधीच नको. तिथे पेन्सिल. सांडलेले कण ब्रशने झाडू नका. मायक्रोपोर टेपचा, म्हणजे जखमेच्या पट्टीवर लावतात त्या कागदी चिकटपट्टीचा, तुकडा आधी हाताच्या पाठीवर चिकटवून त्याचा जोर कमी करा आणि मग कण टिपून घ्या.

पुण्यात हा मेकअप बहुतेकदा दुचाकीवरून जातो, त्याचं काय? डोळ्यांपर्यंत ओढलेला स्कार्फ खालच्या पापणीवरची चमकी घासून थेट डोळ्यात पाठवतो आणि काच उघडी असेल तर वाऱ्याने येणारं पाणी उरलेलं काम करतं. वरच्या पापणीचं काम घरी उरका, हेल्मेटची काच खाली ठेवा, खालच्या पापणीची चमकी कोरेगाव पार्कात पोचल्यावर आरशात बघून लावा. पावसाळी दमटपणात गोंद सुकायला जास्त वेळ घेतो. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत पापणीची कातडी ताणते आणि थर लवकर तडकतो. तेव्हा प्रायमरआधी मॉइश्चरायझरचा अगदी पातळ हात द्या आणि दहा मिनिटं मुरू द्या.

कॉन्टॅक्ट लेन्स आधी घालायची, मेकअप नंतर. घरी आल्यावर हात धुऊन लेन्स आधी काढायची, मेकअप नंतर. काही खोक्यांत पांढऱ्या किंवा लाल ‘व्हॅम्पायर’ लेन्सची जोडीही असते. नंबर शून्य असला तरी लेन्स डोळ्याच्या मापाचीच लागते आणि ते माप डॉक्टर घेतात. खोक्यातली तशीच चढवायची नाही, मैत्रिणीची तर मुळीच नाही. डोळ्यात कण गेलाच तर चोळू नका. लेन्स काढा, सलाइन किंवा स्वच्छ पाण्याने धुवा. टोचणं थांबलं नाही, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

पेन्सिलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. काळी आहे, मऊ आहे, आतल्या कडेला फिरते. टोक केल्यावर लाकडाचं कुसळ राहिलं नाही ना, बघून घ्या. लिपस्टिक बहुतेक वेळा मधे विरते. त्याच पेन्सिलीने ओठांची कड आधी आखली तर जरा टिकते.

पांढऱ्या क्रीमपाशी मात्र थांबायला हवं. आपल्या रंगावर ते राखाडी दिसतं, घामाने नाकाच्या बाजूला फाटतं आणि फाउंडेशन म्हणून निरुपयोगी आहे. मग ते खोक्यात का? कारण खोका बनवणाऱ्याच्या डोक्यात गॉथ म्हणजे भुताच्या सिनेमातलं पात्र. मेलेल्यासारखा पांढरा चेहरा ही गॉथची अट नाही. सावळे, काळे गॉथ जगभर आहेत. चेहरा प्रेतासारखा रंगवण्याची ठळक रीत नॉर्वेच्या ब्लॅक मेटलची. ते संगीत वेगळं, ती मंडळीही वेगळी. सुळे हॅलोविनच्या दुकानातले.

गॉथ हे मुळात संगीताभोवती जमलेलं वर्तुळ आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये, पंक या बंडखोर रॉक संगीताच्या मागोमाग. बाउहाउस या बँडचं पहिलं सिंगल १९७९ चं. लंडनच्या सोहोमध्ये बॅटकेव्ह क्लब सुरू झाला १९८२ साली. सूझी सू या गायिकेने डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर ओढलेली जाड काळी रेघ आजही या मेकअपची बाराखडी आहे. आणि गंमत म्हणजे चमकी गॉथला परकी नाही. १९७१ साली मार्क बोलन हा गायक गालांवर चमकी लावून ब्रिटिश टीव्हीवर गायला आणि ग्लॅम रॉकची, म्हणजे चकचकीत वेश-मेकअप करून गायच्या रॉकची, लाट आली. गॉथच्या पहिल्या पिढीचं बालपण त्या लाटेत गेलं. म्हणजे काळ्या डोळ्यांवर चमकी यायला वंशावळ आहे. खोक्यावर तिचा मागमूस नाही, तिथे फक्त थडगं.

थडग्याचं हे चित्र निरुपद्रवी राहिलेलं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा वृत्तवाहिन्यांनी मारेकऱ्यांना गॉथ ठरवून टाकलं. ते गॉथ नव्हते, हे नंतर स्पष्ट झालं. तोवर काळे कपडे घालणारी पोरं शाळाशाळांत संशयित झाली होती. २००७ मध्ये लँकेशायरमधल्या बेकप गावी एका तरुणीला टोळक्याने बागेत बेदम मारलं, त्यात तिचा जीव गेला. कारण एवढंच की ती आणि तिचा मित्र गॉथ दिसत होते. मँचेस्टर परिसराच्या पोलिसांनी २०१३ पासून अशा हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंद सुरू केली. माध्यमांनी ज्यांना हिंसक रंगवलं, मार खाणारे तेच होते.

आपल्याकडे गॉथ मोजकेच, पण साचा तयार आहे. मराठी मालिकेत सून खाष्ट झाली की तिच्या डोळ्यांतलं काजळ जाड होतं. तेच काळं संक्रांतीला चंद्रकळेत चालतं, बाळाच्या गालावर तीट म्हणून चालतं. मेटल आणि इमो संगीत, गॉथ आणि जादूटोणा यांची एकच भाजी करून तिला ‘विकृत संस्कृती’ म्हणणारे मथळे वाचताना एवढं आठवलं तरी पुरे.

खोका घ्यायचाच असेल तर चमकीच्या लेबलवर ठरवा. नाहीतर तुळशीबाग किंवा कॅम्पातल्या दुकानांतून काळी पेन्सिल, वांगी मॅट आयशॅडो, काळसर चंदेरी शिमर आणि ग्लिटर प्रायमर सुटं घ्या. फक्त चार वस्तू आणि त्यांतल्या तीन वर्षभर वापरात राहतात. डबी उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. लेबलवर उघड्या डबीच्या चित्रात ‘६एम’ असेल तर सहा महिन्यांनी टाकून द्या.

काढताना घाई नको. कापसावर खोबरेल तेल किंवा तेलकट रिमूव्हर घेऊन मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट नुसता दाबून ठेवा. गोंद सुटला की बाहेरच्या कोपऱ्याकडे अलगद उचलून घ्या, घासू नका. बोळा प्रत्येक वेळी नवा. उरलेले कण पुन्हा टेपने. मगच फेसवॉश. बोळे आणि टेप कचऱ्याच्या डब्यात, बेसिनमध्ये नाही, ही चमकी पाण्यात विरघळत नाही. उशीचा अभ्रा मात्र दुसऱ्या दिवशी बदलाच. रात्री राहिलेला एखादा कण सकाळी तिथेच सापडतो.