ऑरोराकॉइन आणि पेट्रो: देशाच्या नावाचं नाणं घेण्याआधी

देशाच्या नावाने निघालेलं क्रिप्टो नाणं घ्यावं का, हा प्रश्न पडलेला माणूस बहुधा घाईत असतो. भाव चढत असतो, बातम्या येत असतात, आणि नावाला देश चिकटलेला असल्यामुळे बाकीच्या शेकडो नाण्यांपेक्षा यात काहीतरी दम असणार असं वाटतं. अशा वेळी नव्या नाण्याची जाहिरात बाजूला ठेवावी आणि जुन्या दोन नाण्यांचे पहिले काही महिने शेजारी शेजारी मांडून पाहावेत. एक आइसलँडचं ऑरोराकॉइन, 2014 चं. दुसरा व्हेनेझुएलाचा पेट्रो, 2018 चा. पहिलं एका निनावी माणसाने काढलं आणि फुकट वाटलं. दुसरा राष्ट्राध्यक्षांनी काढला आणि विकायला ठेवला. गाजावाजा दोघांचाही झाला, आणि ठरवल्यासारखं दोघांचंही झालं नाही. म्हणून दोघांना एकाच तराजूत टाकलं, तर मात्र महत्त्वाचा फरक हातातून निसटतो.

मागे कोण होतं

ऑरोराकॉइनच्या कर्त्याने स्वतःचं नाव सांगितलं ते बाल्डुर फ्रिग्यार ओदिन्सॉन. आइसलँडमध्ये नावापुढे बहुतेक वेळा वडिलांचं किंवा आईचं नाव लागतं. त्या हिशेबाने हा ओदिन आणि फ्रिग यांचा मुलगा बाल्डुर, म्हणजे थेट नॉर्स पुराणातला देव! नाव खोटं आहे हे तिथल्या शाळकरी पोरालाही कळावं असंच ते निवडलं होतं. बिटकॉइनचा निर्माताही पडद्याआडच राहिला, तेव्हा क्रिप्टोच्या दुनियेत यात कुणाला फारसं वावगं वाटलं नाही.

त्याचं म्हणणं ऐकायला लोक तयार होते, कारण जखम ताजी होती. ऑक्टोबर 2008 मध्ये काउपथिंग, लांड्सबांकी आणि ग्लिटनिर या देशातल्या तिन्ही मोठ्या बँका काही दिवसांत कोसळल्या. क्रोना हे तिथलं चलन गडगडलं आणि पैसा देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आले. 2014 मध्येही ते कायम होते, उठायला मार्च 2017 उजाडलं. राजकारण्यांचा हात पोचणार नाही असं चलन, ही कल्पना या लोकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पेट्रोच्या मागे कोण, हे विचारायचं कारणच नव्हतं. 3 डिसेंबर 2017 रोजी राष्ट्राध्यक्ष निकोलास मादुरो यांनी दूरचित्रवाणीवर घोषणा केली: तेल, वायू, सोनं आणि हिरे पाठीशी असलेलं सरकारी डिजिटल चलन येणार. देशात महागाईचा आगडोंब होता, बोलिव्हार या तिथल्या चलनाची किंमत दिवसागणिक उतरत होती आणि अमेरिकेच्या निर्बंधांमुळे बाहेरून कर्ज मिळणं अवघड झालं होतं. ऑरोराकॉइनचा रोख सरकारवर होता, तर पेट्रो सरकारनेच आपली मान सोडवून घ्यायला काढलेला होता. पण जाहिरातीत दोघांचे शब्द बरेचसे सारखे: आर्थिक स्वातंत्र्य, जुन्या व्यवस्थेला शह, सामान्यांचं चलन. शब्दांवरून पारख करायला गेलात तर फसलातच.

आकडे कुठून आले

मला सगळ्यात जास्त रस इथे आहे, कारण सुरुवातीची प्रतिष्ठा दोन्हीकडे एकेका आकड्यावर उभी होती.

ऑरोराकॉइनची एकूण नाणी 2 कोटी 10 लाख ठरली होती. त्यातली निम्मी, म्हणजे 1 कोटी 5 लाख, कर्त्याने आधीच तयार करून बाजूला ठेवली. ती आइसलँडच्या सुमारे 3 लाख 30 हजार रहिवाशांना समान वाटायची होती: माणशी 31.8 नाणी. वाटप सुरू होणार होतं 25 मार्च 2014 ला. त्याआधी बाजारात होती ती फक्त मायनिंग करून, म्हणजे संगणकाकडून आकडेमोड करून घेऊन, मिळालेली मूठभर नाणी. त्या मूठभर नाण्यांवर जगभरचे सट्टेबाज तुटून पडले आणि मार्चच्या सुरुवातीला एका नाण्याचा भाव 90 डॉलरच्या पुढे गेला. मग क्रमवारी लावणाऱ्या संकेतस्थळांनी काय केलं? हा भाव सगळ्या नाण्यांना लावला. कुणाच्याच हातात न पडलेल्या त्या 1 कोटी 5 लाखांनासुद्धा. हा गुणाकार, म्हणजे एकूण बाजारमूल्य, 1 अब्ज डॉलरच्या वर गेला आणि काही दिवस ऑरोराकॉइन जगातल्या पहिल्या तीन क्रिप्टो चलनांत झळकलं.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तो हा प्रकार. आइसलँडमधल्या एकाही माणसाला अजून एक नाणं मिळालेलं नव्हतं.

वाटपाच्या दिवशी भाव 12 डॉलरच्या आसपास उतरला होता. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 380 डॉलर. फुकट मिळालेली वस्तू लोक विकणार हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. तसंच झालं आणि थोड्याच दिवसांत भाव त्याच्याही निम्म्याखाली गेला. 90 डॉलरला घेणारे बुडाले. पण ते आइसलँडचे सामान्य लोक नव्हते, वाटपाआधी उडी मारणारे खेळाडू होते.

पेट्रोच्या आकड्याला गुणाकारही लागला नाही. 20 फेब्रुवारी 2018 ला आगाऊ विक्री सुरू झाली. एकूण 10 कोटी पेट्रो, एकेकाची किंमत व्हेनेझुएलाच्या तेलाच्या एका पिंपाएवढी, म्हणजे तेव्हा 60 डॉलर. मादुरो यांनी जाहीर केलं की पहिल्याच दिवशी 73 कोटी 50 लाख डॉलरची मागणी आली. पडताळणीचा मार्ग? काही नाही. क्रिप्टोची मूळ फुशारकीच अशी की साखळी (ब्लॉकचेन), म्हणजे सगळ्या व्यवहारांची खुली नोंदवही, उघडा आणि स्वतः मोजा, आणि नेमकं तेच इथे करता येत नव्हतं. नाणं इथेरियमवर आहे की नेम नावाच्या साखळीवर, यावरच सरकारी कागदपत्रांत एकवाक्यता नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघालेल्या नव्या श्वेतपत्रिकेतला, म्हणजे नाण्याचा आराखडा सांगणाऱ्या कागदातला, काही भाग डॅश या जुन्या नाण्याच्या कागदपत्रांशी इतका जुळत होता की जाणकारांनी सरळ नकलेचा आरोप केला.

आणि पाठीशी असलेलं तेल? ते ओरिनोको पट्ट्यातल्या आयाकुचो नावाच्या क्षेत्रातलं, 5 अब्जांहून अधिक पिंपं, अजून जमिनीखाली. रॉयटर्सचे पत्रकार त्या भागातल्या आतापिरिरे गावी जाऊन आले, तर तिथे तेल काढण्याच्या नव्या कामाचा मागमूस नव्हता. ऑगस्ट 2018 मध्ये या प्रकल्पाशी संबंधित मंत्री उग्बेल रोआ यांनीच रॉयटर्सला सांगितलं की तंत्रज्ञान अजून घडतंय, पेट्रो कुणाला वापरता आलेला नाही आणि त्यातून पैसाही आलेला नाही. पहिल्या दिवसाच्या 73 कोटींनंतर सहा महिन्यांनी हे! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आगाऊ विक्रीत पेट्रो बोलिव्हार देऊन घेता येत नव्हता, परकीय चलन किंवा इतर क्रिप्टो लागत होतं. राष्ट्राचं नाणं, पण राष्ट्राच्या चलनाला दारातच मज्जाव.

टीका कुणी केली

ऑरोराकॉइनवर सगळ्यात बोचरा हल्ला केला तो फ्रोस्ती सिगुर्योन्सॉन यांनी. ते खासदार होते आणि संसदेच्या आर्थिक व्यवहार समितीचे अध्यक्ष. वाटपाआधीच त्यांनी इशारा दिला की यात फसवणूक असू शकते. हे गृहस्थ बँकांचे वकील नव्हते बरं का. पुढच्याच वर्षी त्यांनी सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात खासगी बँकांचा पैसा निर्माण करण्याचा अधिकार काढून घेण्याचा विचार मांडला. चलनव्यवस्था बदलावी असं मनापासून वाटणारा माणूस जेव्हा म्हणतो की ही वाट ती नव्हे, तेव्हा ते ऐकावं.

पण त्यांची भीती कितपत खरी ठरली, हेही पाहायला हवं. अर्धी नाणी निनावी माणसाच्या ताब्यात होती, तेव्हा संशय रास्तच. मात्र वर्षभरात जी नाणी कुणी नेली नाहीत, ती 2015 मध्ये कायमची नष्ट केली गेली. माझ्या मते ऑरोराकॉइनला सरसकट घोटाळा म्हणणं अन्यायाचं आहे. तो फसलेला प्रयोग होता आणि त्याची झळ मुख्यतः सट्टेबाजांना बसली.

पेट्रोवरची टीका राजकीय होती, आणि त्यामुळे गंमत अशी झाली की ती पोचलीच नाही. विरोधकांच्या ताब्यातल्या संसदेने जानेवारी 2018 मध्येच तो बेकायदा ठरवला, तेलसाठा असा तारण ठेवता येत नाही म्हणून. 19 मार्चला डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकी नागरिकांना त्यात व्यवहार करायला बंदी घातली. समर्थकांना एवढंच हवं होतं: अमेरिका घाबरली, म्हणजे नाण्यात दम आहे! साखळी चालते का, तेल निघतं का, हे साधे प्रश्न या गदारोळात मागे पडले.

नको म्हणायची सोय

माझ्या लेखी खरी तुलना इथे होते.

आइसलँडमध्ये नाणी मिळवायला फेसबुक किंवा मोबाइलवरच्या संदेशाने ओळख पटवायची आणि राष्ट्रीय ओळख क्रमांक द्यायचा, एवढंच काम होतं. चार महिन्यांच्या पहिल्या टप्प्यात 35,430 जणांनी ते केलं, म्हणजे दहातल्या एकाने. दुसऱ्या टप्प्यात वाटा दसपट केला, माणशी 318 नाणी, तर आले फक्त 5,023 जण. फुकट असूनही बाकीचे घरी बसले, आणि घरी बसल्याने त्यांचं काहीही गेलं नाही. देशाने नाण्याला शांतपणे नाही म्हटलं.

व्हेनेझुएलात ही सोय नव्हती. ऑगस्ट 2018 मध्ये बोलिव्हारवरची पाच शून्यं काढली आणि नवं चलन पेट्रोला बांधलं: 1 पेट्रो म्हणजे 3,600 बोलिव्हार, आणि किमान वेतन अर्धा पेट्रो. नोव्हेंबरअखेर सरकारने पेट्रो 9,000 वर नेला, फर्मान काढून. 2019 च्या नाताळात निवृत्तांना आणि सरकारी नोकरांना अर्ध्या पेट्रोचा बोनस दिला. हातात पडलेलं नाणं ठरावीक दुकानांत, ठरावीक यंत्रावर खर्चायचं, नाहीतर ते निव्वळ पडद्यावरचा आकडा. मार्च 2023 मध्ये तेलाच्या पैशांतला भ्रष्टाचार बाहेर आला, क्रिप्टो नियामक संस्थेच्या प्रमुखाला अटक झाली, तेलमंत्री तारेक एल ऐसामी पायउतार झाले. 15 जानेवारी 2024 पासून पेट्रो बंद, आणि लोकांच्या खात्यात उरलेले पेट्रो बोलिव्हारमध्ये बदलून दिले गेले.

एल साल्वाडोरचं उदाहरण कुणी देईल म्हणून दोन ओळी. तिथे नवं नाणं नव्हतंच, 7 सप्टेंबर 2021 पासून बिटकॉइनला डॉलरच्या जोडीला कायदेशीर चलन केलं. सरकारी चिवो वॉलेट घेणाऱ्याला 30 डॉलरचं बिटकॉइन मिळत होतं. पुष्कळांनी ते 30 डॉलर काढले आणि वॉलेट पुन्हा उघडलं नाही. व्यापाऱ्यांवरची बिटकॉइन घेण्याची सक्ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी कर्जाचा करार झाल्यावर 2025 च्या सुरुवातीला उठवली गेली.

मग ठरवायचं कसं

दोघांतून एकच निवडायचं म्हटलं तर मी डोळे मिटून ऑरोराकॉइन म्हणेन, तेही फुकट मिळणाऱ्यांच्या रांगेत उभा राहून. विकत घेणाऱ्यासाठी ते वाटपाच्या आधी सगळ्यात घातक होतं, आणि नेमकं तेव्हाच ते सगळ्यात नावाजलेलं होतं. त्याच्या मागोमाग स्पेन, सायप्रस, आयर्लंड अशा देशांसाठीची नाणी निघाली. त्या वेळी पहिल्या महिन्यात न घेणाऱ्याचं काय चुकलं असतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

नवं नाणं समोर आलं की एकूण बाजारमूल्याला आधी भागाकार लावा: सांगितलेल्या नाण्यांपैकी खरोखर किती लोकांच्या हातात आहेत? उत्तर मिळत नसेल तर आकडा विसरा. नाणं सरकारी असेल तर साखळी स्वतः उघडून पाहता येते का ते बघा. पाठीशी तेल किंवा सोनं असेल, तर नाणं परत दिल्यावर ते नेमकं कोणत्या खिडकीवर मिळतं ते विचारा. पेट्रोला अशी खिडकी नव्हती. आणि पगारातच नाणं आलं, नाकारायची सोयच नसेल, तर ते राखून ठेवायच्या भानगडीत न पडता मिळेल त्या दिवशी उपयोगाच्या वस्तूत बदलून टाका.