सांगलीहून हैदराबादला: कोल्हापूरचं विमान धरावं की पुण्याचं?

सांगलीला विमानतळ नाही. त्यामुळे आपला विमानप्रवास आधी रस्त्यावरच सुरू होतो, आणि निर्णयही तिथेच होतो. बहीण हैदराबादला असल्यामुळे मी दोन्हीकडून गेलोय. कुणी विचारलं तर आधी कोल्हापूरच सांगतो.

आकाशातलं अंतर बघा. कोल्हापूर ते हैदराबाद सरळ रेषेत साधारण ४४५ किलोमीटर, पुण्याहून ५००च्या आसपास. म्हणजे कोल्हापूरहून लवकर पोचायला हवं, पण तसं होत नाही. कोल्हापूरहून बहुधा पंख्याचं छोटं विमान, एटीआर, असतं, ताशी पाचशेच्या आसपास जाणारं. पुण्याहून बहुतेक वेळा जेट मिळतं, ते आठशेच्या घरात जातं. विमान धावपट्टीपर्यंत सरकतं तो वेळही तिकिटावरच्या वेळेत धरलेला असतो. त्यामुळे दोन्हीकडून सव्वा ते दीड तासच लागतो.

खरा फरक जमिनीवर आहे. कोल्हापूरचं विमानतळ उजळाईवाडीला, सांगलीपासून पन्नासेक किलोमीटर. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली करत दीड तास धरा. ऊस गाळपाच्या हंगामात मात्र अर्धा तास वाढवाच. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे आला की ओव्हरटेकला जागाच मिळत नाही. पुण्याचं विमानतळ लोहगावला, सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी एकवेळ सुरळीत जातं, पण कात्रजपासून लोहगावपर्यंतचं शहर दीड तास सहज खातं. पाच तास धरूनच निघावं.

विमानतळावरचा वेळ मिळवला तर घरापासून हैदराबादच्या धावपट्टीपर्यंत कोल्हापूरमार्गे साडेचार तास, पुण्यामार्गे साडेआठ.

मग पुणे कशाला? कारण तिथून दिवसभरात बरीच विमानं आहेत. कोल्हापूरचं एक चुकलं की तो दिवस गेलाच म्हणायचा. पावसाळ्यात तर जास्तच जपावं. एका ऑगस्टमध्ये येताना आमचं विमान ढगांमुळे कोल्हापूरला उतरू शकलं नाही, घिरट्या घालून परत हैदराबादला गेलं. आईला सोबत घेऊन ती रात्र काढणं फार जड गेलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा, मुलाखत किंवा ऑपरेशनची तारीख असेल तर जून ते सप्टेंबर मी पुण्यालाच जाईन, नाहीतर एक दिवस आधी निघेन.

एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात. भडंगाच्या पिशव्यांनी फुगलेली आमची बॅग तिथे मावली नाही, शिडीपाशीच द्यावी लागली. औषधं आणि कागदपत्रं वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा. आईसारख्या गुडघेदुखीवाल्यांना मात्र कोल्हापूरचं छोटं विमानतळ बरं पडतं, चालणं कमी. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगा.

दिल्लीला जायचं असेल तर गणित बदलतं. पुण्याहून थेट साधारण ११५० किलोमीटर, सव्वादोन तास. कोल्हापूरहून हैदराबादला बदलून गेलात तर सतराशेच्या आसपास. पण हैदराबादला दोन तासांत पुढचं विमान मिळालं तर घरापासूनचा एकूण वेळ दोन्हीकडून नऊ तासांच्या आसपासच येतो. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील आणि सामान थेट दिल्लीला जात असेल तर कोल्हापूर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढावी लागत असतील तर पुणे. पहिल्याला उशीर झाला की दुसऱ्याचे पैसे पाण्यात.