आवाज चालू असलेला बार : पोर्टलंडमधील ‘द स्पोर्ट्स ब्रा’

११ मार्च २०२५ रोजी, मंगळवारी दुपारी, लास व्हेगासच्या ऑर्लीन्स अरिनामध्ये वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सच्या (कॉन्फरन्स म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) महिला बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना चालू असताना मी अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरातल्या एका साध्या स्पोर्ट्स बारमध्ये बसले होते. एका बाजूला ओरेगन स्टेट विद्यापीठाचा संघ होता, तर दुसऱ्या बाजूला याच शहरातील युनिव्हर्सिटी ऑफ पोर्टलंडचा. दोन्ही संघ ओरेगनचे असल्यामुळे हा सामना कोणत्या ना कोणत्या पडद्यावर आपोआप दिसेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो लावून घेण्यासाठी मला तीनदा विनंती करावी लागली. शेवटी कोपऱ्यातल्या सर्वांत लहान टीव्हीवर तो आवाजाविना लावण्यात आला आणि तिसऱ्या सत्राच्या मध्यावर कोणीतरी न विचारताच वाहिनी बदलली. ओरेगन स्टेटने ५९–४६ असा विजय मिळवल्याचे मला फोनवर कळले. त्या बारचे नाव मी लिहिणार नाही, कारण तिथे घडले ते जवळजवळ कोणत्याही बारमध्ये घडू शकले असते. परंतु हा प्रसंग सांगितल्याशिवाय पुढच्या रविवारी मी ज्या जागेत गेले तिचे मोल नीट कळणार नाही.

ती जागा म्हणजे पोर्टलंडच्या ईशान्य भागातील ब्रॉडवेवरचे ‘द स्पोर्ट्स ब्रा’. ‘बार’ या इंग्रजी शब्दातील शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल करून हे नाव तयार झाले आहे आणि येथील नियम एकच आहे : पडद्यावर फक्त स्त्रियांचे खेळ. जेनी न्विन यांनी १ एप्रिल २०२२ रोजी ही जागा सुरू केली. न्विन या पेशाने शेफ आहेत आणि महाविद्यालयात असताना गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळ सुटेपर्यंत त्या स्वतः बास्केटबॉल खेळत असत. या बारच्या जन्माची कथा आता बऱ्याच जणांना माहीत आहे, तरीही ती येथे सांगणे भाग आहे, कारण माझा मंगळवार म्हणजे तिचीच पुनरावृत्ती होती. १ एप्रिल २०१८ रोजी महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात नोत्र दाम संघाने १५ गुणांची पिछाडी भरून काढली आणि अरिके ओगुनबोवाले हिने घड्याळात एक दशांश सेकंद उरला असताना तीन गुणांची बास्केट करून मिसिसिपी स्टेटविरुद्ध ६१–५८ असा विजय मिळवून दिला. न्विन आणि त्यांच्या मैत्रिणींनी हा सामना एका बारच्या कोपऱ्यातील छोट्या टीव्हीवर, आवाजाविना पाहिला. असा सामना मनासारखा पाहायचा असेल तर स्वतःची जागाच काढावी लागेल, हा विचार त्यांच्या मनात तेव्हा रुजला आणि बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला, दरवाजा उघडला. लोकवर्गणीतून एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि पहिल्या आठ महिन्यांची उलाढाल सुमारे ९ लाख ४४ हजार डॉलर झाली. स्त्रियांचे खेळ पाहायला गिऱ्हाईक नसते, असे सांगणाऱ्यांना याहून सरळ उत्तर देता येत नाही.

मी गेले तो रविवार १६ मार्चचा, म्हणजे अमेरिकी महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या राष्ट्रीय स्पर्धेचे ६८ संघ जाहीर होण्याचा दिवस होता. पूर्व किनाऱ्यावर रात्री आठ वाजता लागणारा हा कार्यक्रम आमच्याकडे संध्याकाळी पाच वाजता लागतो. जागा लहान असल्यामुळे अशा दिवशी निदान दीड तास आधी पोहोचावे, असे मी प्रत्येकाला सांगेन. मी साडेतीनला पोहोचले, तेव्हा काउंटरजवळ एक खुर्ची मिळाली. माझ्या डाव्या हाताला नारिंगी टोप्या घातलेली ओरेगन स्टेटची चार माणसे होती आणि उजवीकडे पोर्टलंड संघाचा जांभळा मफलर गुंडाळलेली एक वयस्क बाई एकटीच बसली होती.

खाण्यापिण्याविषयी थोडक्यात सांगते. न्विन यांच्या व्हिएतनामी घरातले पदार्थ येथे अमेरिकी बारच्या पदार्थांच्या शेजारी मांडलेले आहेत. आत्याच्या की मावशीच्या ते ठाऊक नाही, पण टीना नावाच्या नातलग बाईंच्या पाककृतीवरून केलेले चिकन विंग्ज आणि आईच्या पद्धतीच्या रिब्ज हे दोन पदार्थ या जागेची ओळख झाले आहेत. विंग्जची गोड, खारट आणि तिखट अशी मिश्र चव मला इतकी आवडली की दुसरी थाळी मागवल्यावाचून राहवले नाही. मांस न खाणाऱ्यांचीही येथे सोय आहे. पेये निवडताना ती स्त्रियांनी बनवलेली किंवा स्त्रियांच्या मालकीच्या व्यवसायांतून आलेली असावीत, असा कटाक्ष पाळला जातो. भिंतींवर जर्सी, छायाचित्रे आणि जुन्या संघांच्या खुणा आहेत. हे सारे चांगले आहे, पण केवळ यासाठी मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून येणार नाही. मी येते ती येथे होणाऱ्या बोलण्यासाठी.

इतर बारमध्ये स्त्रियांचा सामना पाहणाऱ्याचे संभाषण नेहमी रिमोटपासून सुरू होते. हा सामना का लावायचा, तो किती वाजता संपेल, आवाज का हवा, कोण खेळत आहे, हे समजावून सांगण्यातच पहिले सत्र निघून जाते आणि नंतर शेजारच्या टेबलाला त्रास तर होत नाही ना, या काळजीने आपण हळू आवाजात आनंद व्यक्त करतो. ‘द स्पोर्ट्स ब्रा’मध्ये ही सगळी प्रस्तावना गळून पडते. येथे पहिले वाक्यच खेळाविषयी असते. त्या रविवारी नारिंगी टोपीवाल्यांपैकी एकाने माझ्याकडे वळून विचारले, “पोर्टलंडला ४६ गुणांवर रोखणे हा बचावाचा विजय मानायचा, की त्यांचा नेम त्या दिवशी चुकला?” मी कोण, मला खेळातले काय कळते, हे त्याने विचारले नाही. इथे येऊन बसली आहे त्याअर्थी सामना पाहिलाच असणार, हे त्याने गृहीत धरले होते.

या प्रश्नावर जी चर्चा झाली ती जवळजवळ तासभर चालली आणि तिच्या तपशिलातच या जागेचे खरे परीक्षण आहे, असे मला वाटते. ओरेगन स्टेटच्या विजयाचे वजन कळण्यासाठी मागील वर्ष ठाऊक असावे लागते. २०२४ मध्ये याच संघाने २७ सामने जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत धडक मारली होती. तिथे त्यांना साउथ कॅरोलिनाने थांबवले आणि तो संघ पुढे त्या हंगामात एकही सामना न हरता विजेता झाला. त्याच सुमारास पॅक-१२ ही त्यांची शतकाहून जुनी कॉन्फरन्स विस्कटली. बारापैकी दहा विद्यापीठे दुसरीकडे गेली आणि ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट एवढीच दोन मागे राहिली. मग ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीव्यवस्थेतून, संघातील रेगन बीअर्स ओक्लाहोमाला, टिमेया गार्डिनर यूसीएलएला, टालिया फॉन ओलहॉफेन यूएससीला आणि डोनोविन हंटर टीसीयूला गेली. उरलेल्या संघाला दोन हंगामांसाठी पाहुणा सदस्य म्हणून वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये आसरा मिळाला. केल्सी रीस, ए. जे. मॅरॉट, केनेडी शूलर अशा मागे राहिलेल्या मोजक्या खेळाडू आणि नव्याने आलेल्या मुली यांना घेऊन प्रशिक्षक स्कॉट रूक यांनी जो संघ उभा केला, तो राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर पोहोचला तेव्हा त्याच्या खात्यात १९ विजय आणि १५ पराभव होते. कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली नसती, तर या आकड्यांवर त्यांना कोणीही बोलावले नसते. त्या वर्षी ६८ पैकी ३१ जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट मिळाल्या आणि त्यांतील एक या मुलींनी आधी गोंझागा विद्यापीठाला व मग पोर्टलंडला हरवून मिळवली.

नारिंगी गटातील सर्वांत वयस्क गृहस्थांनी आठवण थेट २०१० पर्यंत नेली. त्या वर्षी रूक प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा शिष्यवृत्तीवरील दोनच खेळाडू उरल्या होत्या आणि संघ पुरा करण्यासाठी विद्यापीठात निवड चाचणीची जाहीर सूचना लावावी लागली होती. सहा वर्षांनी, २०१६ मध्ये, तोच संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत होता. “या माणसाने रिकाम्या कोर्टावरून दोनदा सुरुवात केली आहे,” असे ते म्हणाले आणि त्यांचा कंठ दाटून आला. काउंटरमागच्या मुलीने हात थांबवून त्यांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मगच माझा ग्लास भरला. सेवा कशी आहे, असे कोणी विचारले, तर मी हाच प्रसंग सांगेन. ग्लास उशिरा भरला गेला आणि ते मला योग्यच वाटले.

जांभळ्या मफलरवाल्या बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांच्या संघाने २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे अंतिम सामन्यात गोंझागाला हरवून ही स्पर्धा जिंकली होती, त्यांतला २०२४ चा सामना तर ६७–६६ असा एका गुणाने. सलग तिसरे विजेतेपद एका सामन्यावर आले असताना, यंदाच आलेल्या आणि लवकरच निघून जाणार असलेल्या पाहुण्या संघाने ते हिरावून नेले, याचे दुःख त्यांनी अजिबात लपवले नाही. महिनोन्‌महिने केलेली कमाई लास व्हेगासमध्ये एका दुपारी पणाला लागते, ही पद्धत अन्यायाची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नारिंगी टोपीवाल्यांनी त्यांना अडवले नाही. उलट त्यांतील एका तरुणीने मान्य केले की, आपल्या संघाचे विजय-पराभव पाहता याच पद्धतीने आपल्याला तारले. त्यानंतरचा वाद फार सुंदर होता. पूर्ण हंगामाचे मोल अधिक, की ज्या दिवशी सगळे पणाला लागते त्या दिवशी उभे राहण्याचे? माझे मत बाईंच्या बाजूने झुकले आणि मी ते सांगितले. ओरेगन स्टेटच्या विजयाने मी मनापासून आनंदले होते, तरीही वर्षभर उत्तम खेळलेल्या संघाला एका वाईट दुपारची शिक्षा इतकी जड असू नये, असे मला आजही वाटते.

पाच वाजता टीव्हीचा आवाज वाढवण्यात आला आणि सगळी जागा एकदम शांत झाली. ओरेगन स्टेटला चौदावे मानांकन मिळाले आणि पहिला सामना तिसऱ्या मानांकित नॉर्थ कॅरोलिनाशी, त्यांच्याच चॅपल हिलमध्ये ठरला. नाव झळकताच झालेल्या जल्लोषात आमच्या कोपऱ्यातील मेज अक्षरशः हलले. पोर्टलंडचे नाव मात्र शेवटपर्यंत आले नाही. ते येणार नाही हे बाईंना कळले, तेव्हा मघाच्या त्या तरुणीने उठून त्यांच्या शेजारची खुर्ची घेतली. बाई म्हणाल्या, “आता आमच्या कॉन्फरन्सची लाज तुमच्या मुलींच्या हाती. शनिवारी मी इथेच येईन.”

२०२४ मध्ये ‘रेडिट’ या संकेतस्थळाचे सहसंस्थापक अ‍ॅलेक्सिस ओहानियन यांच्या प्रतिष्ठानाने ‘द स्पोर्ट्स ब्रा’मध्ये गुंतवणूक केली आणि त्यानंतर बॉस्टन, इंडियानापोलिस, लास व्हेगास व सेंट लुइस येथील शाखांची घोषणा झाली. या विस्ताराचा मला आनंद आहे, पण एक अपेक्षाही आहे. पडदे, जर्सी आणि विंग्ज कोणत्याही शहरात नेता येतील, मात्र शेजारच्या विद्यापीठाच्या संघाचे पंधरा वर्षांचे सुखदुःख तोंडपाठ असलेली माणसे त्या-त्या गावातच सापडतात. नव्या शाखांनी केवळ मोठ्या, गाजलेल्या सामन्यांवर भर न देता आपल्या भागातील लहान कॉन्फरन्सच्या मंगळवार दुपारच्या सामन्यालाही मुख्य पडदा दिला, तरच मूळ जागेचा गुण तिथे उतरेल.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की मोठ्या सामन्याच्या दिवशी लवकर जावे, शक्यतो दोघां-तिघांनी जावे आणि शेजाऱ्याच्या अंगावर कोणता रंग आहे ते पाहून बोलायला सुरुवात करावी.

शनिवारी, २२ मार्चला, मी पुन्हा गेले. बाई खरोखरच आल्या होत्या आणि जांभळ्या मफलरवर त्यांनी कोणाची तरी नारिंगी टोपी घातली होती. नॉर्थ कॅरोलिनाने ओरेगन स्टेटला ७०–४९ असे हरवले. शेवटच्या सत्रात निकाल स्पष्ट झाल्यावरही कोणी वाहिनी बदलायला सांगितले नाही आणि शेवटचा भोंगा वाजेपर्यंत आवाज तेवढाच मोठा होता.