जे डिल्लाचा ‘डोनट्स’: वाशीला उतरणाऱ्यांना अर्धवट का वाटतो

ठाणे-नवी मुंबईत हिप-हॉप ऐकणाऱ्या पोरांपुढे ‘डोनट्स’, म्हणजे जे डिल्ला या अमेरिकन बीटमेकरचा २००६ चा अल्बम, ठेवला की पहिली तक्रार ठरलेली: “बीट अंगात भिनतोय तोवर संपतो.” तक्रार खोटी नाही. ३१ तुकडे, मिळून साधारण ४३ मिनिटं. म्हणजे तुकड्यामागे दीड मिनिटही नाही. सगळ्यात लांब ‘वर्किनॉनिट’, तोसुद्धा तीन मिनिटांच्या आत आटोपतो. एकही रॅपर नाही, अंतरा-मुखडा नाही, आणि पहिल्याच बारा सेकंदांच्या तुकड्याचं नाव ‘आउट्रो’. नव्या माणसाला वाटतं, फाइल उलट्या क्रमाने उतरली.

यात एक गंमत आहे. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून वाशी गाडी पकडणारा अर्ध्या तासात उतरतो. तोवर अल्बम विसाव्या तुकड्याशी, ‘गीक डाउन’च्या आसपास पोचलेला असतो. संध्याकाळी परतताना तो दुसरंच काही लावतो. त्यामुळे ‘हाय’, ‘बाय’, ‘लास्ट डोनट ऑफ द नाइट’ हा शेवटचा पट्टा, ज्याच्यासाठी हा अल्बम जपून ठेवावा, तो त्याच्या कानावर पडतच नाही. पनवेलपर्यंत जाणाऱ्याचा मात्र पूर्ण होतो, वर दोन-चार तुकडे पुन्हा ऐकून होतात. ‘अर्धवट आहे’ म्हणणारे आणि ‘एकसंध आहे’ म्हणणारे यांच्यातलं निम्मं भांडण रेल्वेच्या वेळापत्रकाचं आहे असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

ऐकण्याआधी फोनमध्ये चार गोष्टी बघून घ्या. शफल बंद. क्रॉसफेड शून्यावर, तो पाच-सहा सेकंदांवर राहिला तर बारा सेकंदांचा पहिला तुकडा निम्मा गिळला जातो आणि प्रत्येक सांध्यावर दोन गाण्यांची खिचडी होते. गॅपलेस चालू, कारण या अल्बमचे सांधे मुद्दाम कडक ठेवलेत. मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता आली की दचकवणारा कट नुसता बिघाड वाटतो. आणि रिपीट चालू. शेवटच्या तुकड्याचा शेवट पहिल्याच्या सुरुवातीला नेमका चिकटतो, डोनटसारखा गोल. रिपीट बंद ठेवून ही जागा कधीच न ऐकलेले, वर अल्बमवर तावातावाने बोलणारे बरेच आहेत. इक्वलायझरचं बास बूस्टही काढा. डिल्लाच्या आधीच्या कामात बास वेगळा, जाड, सिंथवर वाजवलेला असायचा. इथे बहुतेक ठिकाणी बास जुन्या रेकॉर्डमधलाच आहे, गायकाच्या आवाजासकट एकाच सॅम्पलमध्ये, म्हणजे त्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्यात, अडकलेला. तो फुगवला की २०० हर्ट्झच्या आसपासचा सगळा चिखल वर येतो आणि आवाज घोंगडीखाली जातो. उलट तिथेच दोन-तीन डेसिबल कमी केले तर स्वस्त इअरफोनवरही तुकडे सुटे ऐकू येतात.

घोडबंदर रोडवर गाडी चालवताना मात्र हा अल्बम लावू नका. ‘वर्किनॉनिट’मधला सायरन पुढेही अधूनमधून डोकावतो, आणि मागून अँब्युलन्स आली समजून माणूस गाडी कडेला घेतो.

आता डिल्लाविषयी थोडं, कारण मतं तिथेच गढूळ होतात. जेम्स डेविट यान्सी, जन्म ७ फेब्रुवारी १९७४, डेट्रॉइट. ‘डोनट्स’ स्टोन्स थ्रो या लॉस एंजेलिसच्या कंपनीने ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी काढला आणि तीनच दिवसांनी, १० फेब्रुवारीला, तो गेला. रक्ताचा टीटीपी हा दुर्मीळ विकार आणि ल्युपस. त्यावरून कथा तयार झाली: दवाखान्याच्या खाटेवर, मांडीवर बॉसचा एसपी-३०३ सॅम्पलर आणि छोटा रेकॉर्ड प्लेअर घेऊन त्याने जवळजवळ सगळा अल्बम केला. डॅन चार्नास यांच्या २०२२ च्या ‘डिल्ला टाइम’ या चरित्राने ही कथा बरीचशी मोडून काढली. मूळ बीट टेप दवाखान्यातल्या लांबलेल्या मुक्कामाआधीची आहे, कॉम्प्युटरवर केलेली. आणि तिला लांबवून, जुळवून अल्बमचा आकार दिला तो कंपनीतल्या जेफ जँक यांनी. हे कळल्यावर काहींचा हिरमोड होतो. माझ्या मते अल्बमची उलट सुटका होते. दवाखान्याची कथा डोक्यात घेऊन ऐकणारा प्रत्येक सायरनमध्ये मरण शोधतो, आणि त्या नादात ‘लाइटवर्क्स’मधला धडधडीत चावटपणा त्याच्या हातून निसटतो. रेमंड स्कॉट यांचं जाहिरातीसाठी केलेलं जुनं इलेक्ट्रॉनिक संगीत उचलून त्यावर ड्रम चढवणं हे हसत हसत केलेलं काम आहे.

तुकडे आखूड का, याचंही उत्तर यात आलं. बीट टेप म्हणजे रॅपरना दाखवायचा नमुना. साडीच्या दुकानात पदर उलगडून दाखवतात तसा. आवडला तर पुढचं बोलू. तसंच झालंही. ‘वन फॉर घोस्ट’ २००६ मध्ये रॅपर घोस्टफेस किलाच्या अल्बममध्ये गेला, ‘टाइम: द डोनट ऑफ द हार्ट’ त्याच वर्षी द रूट्स या हिप-हॉप बँडने घेतला, आणि ‘बाय’वर रॅपर कॉमन आणि गायक डी’अँजेलो यांचं गाणं उभं राहिलं.

स्वतः लिहिणाऱ्या पोरांचा प्रश्न वेगळा असतो: यावर लिहिता येतं का? सायफरला, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करतात तिथे, येतं; गाण्याला अवघड. हिशोब साधा आहे. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोके धरले तर, सव्वा मिनिटात चार-चार ठोक्यांचे २८ बार होतात. सोळाचा एक व्हर्स, थोडी मोकळी जागा, की संपलं. नेटवर मिळणाऱ्या टाइप बीटमध्ये (कुणा कलाकाराच्या धाटणीत केलेल्या तयार बीटमध्ये) आठ बार इंट्रो, सोळा व्हर्स, आठ हुक (मुखडा) असं आखून दिलेलं असतं. इथे आखणी तुमची तुम्ही करायची. दुसरी अडचण जास्त खरी. सॅम्पलमध्ये आधीच एक गायक गातोय, आणि माणसाचा आवाज जिथे बसतो ती जागा त्याने अडवलीय. त्यावर रॅप केला की दोघंही चेंगरतात. ‘गीक डाउन’सारखा, गायकी कमी असलेला तुकडा घ्या. आणि सराव वेगळा, नेटवर चढवणं वेगळं: यावर गाणं करून स्वतःच्या नावाने टाकलं तर हक्काचा दावा येणार हे धरून चाला.

तबला शिकलेल्या मंडळींना हा अल्बम पटकन आवडतो, पण बहुतेकदा चुकीच्या कारणासाठी. ‘डिल्ला फील’ म्हणून जे सांगितलं जातं, ते त्यांना आपल्या अतीत-अनागताची आठवण करून देतं: समेच्या किंचित नंतर किंवा किंचित आधी. तुलना बरी आहे. डिल्ला वापरायचा त्या अकाईच्या एमपीसी ३००० या सॅम्पलर-ड्रम यंत्रावर एका मात्रेचे ९६ भाग पडतात. ९० बीपीएमला एक भाग सुमारे सात मिलिसेकंदांचा. डिल्ला स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) एक-दोन भाग अलीकडे ओढायचा, हायहॅट (झांजांची टिकटिक) सरळ ठेवायचा, किक (ड्रमचा जाड ठोका) मागे रेंगाळू द्यायचा. त्याचं ते यंत्र आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात आहे. पण ही करामत शिकायला ‘डोनट्स’ उघडणं म्हणजे चुकीच्या विषयाची वही उघडणं. ती ऐकायची त्याच्याच गटाच्या, स्लम व्हिलेजच्या, ‘फँटॅस्टिक, व्हॉल्यूम २’ मध्ये, साल २०००. तिथे ड्रम वेगळे वाजवलेत म्हणून सरकलेले कळतात. ‘डोनट्स’मधले ड्रम बऱ्याचदा जुन्या रेकॉर्डबरोबरच आलेत, इथली कारागिरी कात्रीची आहे.

(जाता जाता: “क्वांटाइज (ठोके आपोआप नेमक्या जागी बसवणं) बंद केलं की डिल्ला होतो” हा समज घरोघरी बीट बनवणाऱ्यांत भलताच पसरलाय. बंद केल्यावर प्रत्येक बारमध्ये चूक नव्या जागी पडते आणि ऐकणाऱ्याला नुसता नवशिका हात ऐकू येतो. डिल्लाची सरक दर बारला त्याच जागी येते. आधी एक बार नीट बसवा, मग फक्त स्नेअरची ओळ दहा-पंधरा मिलिसेकंद अलीकडे ओढा, बाकी काही हलवू नका. फरक तेवढ्यात कळतो.)

ती कात्री जवळून बघायची तर अठरावा तुकडा, ‘डोन्ट क्राय’. मूळ रेकॉर्ड द एस्कॉर्ट्स या सोल गटाची. आधी डिल्ला ती जवळजवळ जशीच्या तशी वाजू देतो. सुरावट कानात बसते, आणि मग तो तिचे बारीक तुकडे करून दुसऱ्याच क्रमाने मांडतो: गायकाचं अर्धं अक्षर, त्याला चिकटलेली किक, कोरसचा एक श्वास. तालाला धक्का नाही, चाल मात्र नवी. मूळ आधी ऐकवल्यामुळे काय मोडलं आणि काय जुळवलं हे आपल्याला दिसतं. जादूगाराने आधी रिकामी टोपी फिरवून दाखवावी तसं.

घरी करून बघायचं असेल तर फोनवरचं कुठलंही सॅम्पलर अ‍ॅप चालेल. सत्तरच्या दशकातल्या सोल गाण्याचे चार बार घ्या. वेग वाढवताना सुरही चढू द्या. ३३ ची रेकॉर्ड ४५ वर लावल्यासारखं केलं तर वेग १.३५ पट होतो आणि सूर पाच सेमीटोनांहून थोडा वर जातो, म्हणजे ७० बीपीएमचं गाणं साडेचौऱ्याण्णववर येतं. आता कापताना आपोआप समान सोळा भाग करणारं बटण दाबू नका. तेव्हाचे वादक क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) वाजवत नसत. चौथ्या बारपर्यंत लय कित्येक मिलिसेकंद सरकलेली असते आणि शेवटचे भाग ठोक्याच्या मधोमध कापले जातात. प्रत्येक किक आणि स्नेअरच्या अगदी सुरुवातीला हाताने खूण करा. खूण उशिरा पडली तर ठोक्याचं टोकच जातं आणि आवाज बोथट होतो. फार लवकर पडली तर आधीच्या शब्दाची शेपटी येते. सुरुवातीला दोन मिलिसेकंदांचा फेड दिला की ‘टक’ असा क्लिक येत नाही. सगळे पॅड (तुकडे वाजवायची बटणं) एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाका, म्हणजे नवा तुकडा वाजला की जुना तिथल्या तिथे गप्प. हे विसरलं की शेपट्या एकमेकांवर चढतात आणि पाच मिनिटांत माणूस कंटाळून अ‍ॅप बंद करतो. त्यानंतर बोटांनी वाजवा, माउसने चिकटवू नका.

एसपी-३०३ विकत घेऊ का, असंही विचारलं जातं. त्याच्या कॉम्प्रेशनमुळे किक पडली की बाकीचं दबतं आणि मग श्वास घेतल्यासारखं वर येतं, हे खरं आणि सुरेखही. पण जुनं यंत्र, आठच पॅड, स्मार्टमीडिया कार्ड आता सहज मिळत नाही. आणि अल्बमचा बराच भाग मुळात त्यावर झालाच नसेल तर त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही.

कौतुक पुरे. मधला पट्टा ढिला आहे. ‘स्टेपसन ऑफ द क्लॅपर’ आणि ‘द ट्विस्टर’ एकामागून एक येतात तेव्हा टाळ्या आणि आरडाओरडा जास्त, पकडायला सुरावट कमी. ‘थंडर’पासून पुढचे दोन-तीन तुकडे एका बैठकीत लक्षात राहत नाहीत. सायरन पहिल्यांदा अंगावर येतो, पाचव्यांदा तो सवयीचा वाटतो. डीजे शॅडोच्या १९९६ च्या ‘एंडट्रोड्युसिंग’शी तुलना करणारे म्हणतात की तिथे प्रत्येक गाण्याला बांधणी आहे, चढण आहे, इथे नुसत्या ठिणग्या. म्हणणं रास्त आहे, फक्त दोन्ही अल्बमचं काम वेगळं. शॅडो वाड्यातून फिरवतो; डिल्ला चाळीच्या गॅलरीतून चालत जातो आणि प्रत्येक उघड्या दारातून वेगळा रेडिओ ऐकू येतो.

रेकॉर्डवर घ्यावा का? दोन रेकॉर्ड, चार बाजू. प्रत्येक बाजू संपली की उठायचं, त्यामुळे गोल फिरणारा सांधा मिळत नाही. आवाज मात्र सुरेख येतो, मधले सूर मोकळे होतात. खाडीच्या हवेत कव्हरला बुरशी धरते, तेव्हा जूनच्या आत प्लास्टिकची बाहेरची पिशवी चढवून उभी ठेवा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने डिजिटलच घ्यावा. आणि वाशीला उतरणार असाल तर सरळ सतराव्या तुकड्यापासून सुरू करा. ‘टू कॅन विन’, ‘डोन्ट क्राय’, तिथून शेवटपर्यंत साधारण एकवीस मिनिटं, आणि रिपीट चालू असेल तर कोपरखैरण्याच्या आसपास तो सांधाही ऐकू येतो.