टेकन: फोनच्या एका दृश्यावर उभा राहिलेला सिनेमा

निवृत्त गुप्तहेराची मुलगी परक्या देशात पळवली जाते आणि बाप जाऊन तिला सोडवून आणतो. 'टेकन'ची गोष्ट एका ओळीत संपते. 2008 मध्ये फ्रान्समध्ये आणि 30 जानेवारी 2009 ला अमेरिकेत प्रदर्शित झालेला हा सिनेमा सुमारे अडीच कोटी डॉलरमध्ये बनला आणि त्यानं जगभरात 22 कोटी डॉलरच्या वर कमाई केली. दिग्दर्शक पिएर मोरेल, लेखक ल्यूक बेसाँ आणि रॉबर्ट मार्क केमन, आणि ब्रायन मिल्सच्या भूमिकेत लियम नीसन. हा सिनेमा व्हिडिओवरच जाईल, थिएटरात फार चालणार नाही, असं खुद्द नीसनलाच वाटलं होतं.

या यशाचं श्रेय बहुतेक जण मारामारीला देतात. मारामारी चांगली आहेच, पण ती काढून टाकली तरी सिनेमाचा सांगाडा उभा राहतो, आणि तपास काढून टाकला तर काहीच उरत नाही. पहिले दोन तृतीयांश हा सिनेमा एका धाग्यावरून दुसऱ्या धाग्यावर जाणाऱ्या माणसाचा आहे. शेवटच्या तिसऱ्या भागात तो धागा सोडतो आणि तिथंच कमजोर पडतो.

पहिली पंचवीसेक मिनिटं संथ आहेत. अनेकांना ती कंटाळवाणी वाटतात, काही जण ती पुढं ढकलतात. तसं करू नका. मिल्स मुलीजवळ राहता यावं म्हणून नोकरी सोडून लॉस एंजेलिसला आलाय, तिच्या सतराव्या वाढदिवसाला कराओके मशीन घेऊन जातो, आणि श्रीमंत सावत्र बाप तिला घोडा देतो. मुलगी किम पॅरिसला जायची परवानगी मागते. वय अठराच्या आत, त्यामुळं बापाची सही लागते. तो आधी नाही म्हणतो, मग सही करतो, हातात मोबाईल देतो आणि पोचल्यावर फोन करायला बजावतो. इथं पेरलेली प्रत्येक गोष्ट पुढं उगवते. बापाचा संशयी स्वभाव आधी सगळ्यांना जाच वाटतो आणि पुढच्या अर्ध्या तासात तोच एकमेव आधार ठरतो. हा पालट भाषणं न देता, फक्त प्रसंगांच्या क्रमातून साधलाय.

आता ते फोनचं दृश्य. किम फ्लॅटमध्ये आहे, बापाशी बोलतेय, आणि समोरच्या खिडकीतून तिला दिसतं की मैत्रीण अमांडाला काही माणसं उचलून नेतायत. नऊ हजार किलोमीटरवर बसलेला बाप काय करू शकतो? मारू शकत नाही, धावू शकत नाही. पोलिसांना कळवेपर्यंत वेळ निघून जाईल. तो रेकॉर्डर काढतो, फोनला जोडतो आणि एकेक सूचना द्यायला लागतो: जवळच्या बेडरूममध्ये जा, पलंगाखाली शीर. मग तिला सरळ सांगतो की ते तुला नेणार आहेत. खोटा धीर नाही. आणि हातात जे काही सेकंद मिळतील त्यात काय करायचं तेही सांगतो: फोन जमिनीवर ठेव आणि दिसेल ते ओरडून सांग. उंची, केस, दाढी, खुणा. ती पलंगाखाली असताना आपल्याला दिसतात फक्त बूट. बूट निघून जातात, एक श्वास घ्यायला मिळतो, आणि मग पाय धरून तिला ओढलं जातं. ओढली जात असतानाही ती दाढी, उंची, उजव्या हातावरचं चंद्र-चांदणीचं गोंदण ओरडून सांगते. बापानं मुलीला वाचवता येत नाही हे ओळखून तिलाच साक्षीदार केलंय. थरारपटातल्या नायकाची हुशारी दाखवायला शंभर गोळ्या लागतात, इथं चार-पाच वाक्यांत काम झालंय. नीसनचा आवाज या सगळ्यात एकदाही चढत नाही. दृश्याची जरब त्यातूनच येते.

इथून घड्याळ सुरू होतं. जुना सहकारी सॅम रेकॉर्डिंग ऐकून सांगतो: भाषा अल्बेनियन, गाव त्रोपोया, पळवणाऱ्याचं नाव मार्को, आणि मुलगी कायमची हाताबाहेर जायला 96 तास. लॉस एंजेलिस ते पॅरिस विमानाचे अकराएक तास त्यातच धरा, म्हणजे जमिनीवर उरतात साधारण 85. पडद्यावर आकडे उलटे मोजत बसायचा सोपा मार्ग मोरेलनं घेतलेला नाही, घाई संकलनातून येते. संकलक फ्रेदेरिक थोराव्हालनं दृश्य संपायच्या थोडं आधीच कापायची सवय ठेवलीय. दार बंद व्हायच्या आत पुढची जागा आलेली असते.

धाग्यांची साखळी बघण्यासारखी आहे. फ्लॅटमध्ये किमचा फुटलेला फोन सापडतो, त्यातलं कार्ड काढून मिल्स फोटो छापायच्या मशीनला लावतो, फोटोतल्या प्रतिबिंबात विमानतळावर टॅक्सी शेअर करणारा पोरगा दिसतो. तो पोरगा हाती लागायच्या आत ट्रकखाली जातो, साखळी तुटते. ही तोडणी लेखकांनी मुद्दाम केलीय आणि ती योग्य आहे, कारण सगळे धागे सुरळीत मिळाले असते तर ताण टिकला नसता. मग रस्त्यावरच्या दलालाच्या अंगावर ऐकण्याचं यंत्र चिकटवणं, दुभाष्याला गाडीत बसवून ते संभाषण समजून घेणं, बांधकामाच्या जागेवरच्या अड्ड्यात किमचं जॅकेट अंगावर असलेली मुलगी सापडणं, तिच्याकडून लाल दाराच्या घराचा पत्ता. त्या घरात तो फ्रेंच अधिकारी बनून हप्ता वाढवून मागायला जातो, आणि निघताना एक कागद भाषांतरासाठी पुढं करतो. पळवणाऱ्यानं फोनवर उच्चारलेले 'गुड लक' हेच दोन शब्द त्याला पुन्हा त्याच आवाजात ऐकायचे असतात. संपूर्ण सिनेमातला सर्वात नेटका प्रसंग हाच. फोनच्या दृश्यात जे पेरलं ते इथं वसूल होतं, आणि प्रेक्षकाला नायकाच्या अर्ध्या सेकंदानंतर कळतं.

तांत्रिक बाजूनं काय पटत नाही तेही सांगायला हवं. त्या काळातल्या फोनचा कॅमेरा 2 मेगापिक्सेलचा धरा, म्हणजे 1600 बाय 1200 ठिपके. प्रतिबिंबातला चेहरा फोटोच्या रुंदीच्या चाळिसाव्या भागाएवढा असेल तर त्याला मिळतात जेमतेम 40 ठिपके. छपाईच्या मशीनवर ते कितीही मोठं केलं तरी चौकोनच दिसतील, चेहरा नाही. दुसरी गोष्ट सलाइनची. जॅकेटवाल्या, नशेत बुडवलेल्या मुलीला हॉटेलात ड्रिप लावून तो शुद्धीवर आणतो. सलाइननं अंगातलं पाणी भरून निघतं, हेरॉइनसारखी नशा धुतली जात नाही. अशा नशेनं श्वास मंदावला तर नालोक्सोन नावाचं औषध लागतं, आणि त्याचा असर ओसरला की रुग्ण पुन्हा कोसळू शकतो. तिसरी गोष्ट विजेच्या छळाची. मिल्स झटके देतो आणि मार्को लगेच किमला ज्याला विकलं त्याचं खरं नाव सांगतो, आणि पटकथेला पुढं जायला दुसरा रस्ताच ठेवलेला नाही. छळाखाली माणूस समोरच्याला जे ऐकायचं असतं ते बोलतो, म्हणून तपासाच्या कामात अशी माहिती कच्ची धरतात. इतका वेळ पुराव्यानं चाललेला नायक इथं शॉर्टकट घेतो, आणि सिनेमाही.

त्यानंतरचा भाग योगायोगावर चालतो. नेमका मुलींचा लिलाव चालू असताना तो पोचतो, नेमकी शेवटची मुलगी किम निघते. जुन्या मित्राच्या घरी जेवणाच्या टेबलावर त्याच्या बायकोच्या दंडावर गोळी झाडतो, आणि याचा हिशोब पुढं कुणीच मागत नाही. सर्वात जास्त खटकते ती अमांडा. ती लाल दाराच्या घरात मेलेली सापडते आणि तिथंच सिनेमातून पुसली जाते. तिच्या आईबापाचं काय झालं, हा प्रश्न शेवटच्या विमानतळावरच्या आनंदात कुणाला पडत नाही. अल्बेनियन माणसं तर सरसकट राक्षस केलीयत. त्रोपोया हे खरं गाव आहे, तिथं खरी माणसं राहतात.

मारामारीबद्दल थोडक्यात. चित्रीकरणाच्या वेळी नीसन पंचावन्नच्या आसपास होता, उंची सहा फूट चार इंच. ऑलिव्हिए श्नायडरनं त्याच्यासाठी जवळून लढायची पद्धत बसवली: कोपर, मनगट पिळणं, गळ्यावर तळहाताचा काठ. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. अरुंद स्वयंपाकघरात आणि जिन्यात एवढा उंच माणूस अडचणीत दिसतो, म्हणून प्रत्येक फटका जड वाटतो. मोरेल मूळचा छायालेखक. कॅमेरा हातात ठेवून, लागण्याच्या क्षणीच कट करून त्यानं वेग वाढवलाय. काही ठिकाणी हा वेग इतका की कोण कुणाला मारतंय ते कळत नाही, पण इथं ते अजून सुसह्य आहे.

घरी बघणार असाल तर आवाजाची सोय आधी करा. नागपूरच्या मे महिन्यात खिडकीतला कूलर चालू असताना ते फोनचं दृश्य बघणं म्हणजे अर्धा सिनेमा घालवणं. निम्मे संवाद कुजबुजीत आहेत आणि कूलरच्या पंख्याची घरघर नेमकी तीच पट्टी खाते. कूलरचा पंप आणि पंखा यांची बटणं वेगळी असतात. सुरुवातीलाच पंप चालवून खस चांगली भिजवून घ्या आणि किम पॅरिसला उतरली की पंखा सर्वात कमी वेगावर आणा. साधारण पाव तास एवढ्यात निघतो. ते जमत नसेल तर हेडफोन लावा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद ठळक करणारा पर्याय असतो, आणि रात्री गोळीबारानं शेजारी उठू नयेत म्हणून नाइट मोड. हलतं चित्र गुळगुळीत दाखवणारं मोशन सेटिंग बंदच ठेवा, हातातल्या कॅमेऱ्याचे झटपट कट त्यात फासल्यासारखे दिसतात. सिनेमा उंचीच्या 2.35 पट रुंद चौकटीत आहे, वरखाली काळ्या पट्ट्या येतील, त्या घालवायला झूम करू नका. कडेचे माणसांचे हात आणि दारं कापली जातात, आणि या सिनेमात दार महत्त्वाचं असतं.

भाषा मूळ इंग्रजीच ठेवा, खाली सबटायटल लावा. हिंदी डबिंगमध्ये फोनवरच्या माणसाचा लहेजा बदलतो, आणि पुढचा सगळा शोध त्याच आवाजावर आहे. दोन आवृत्त्या मिळतात. अमेरिकेत थिएटरला पीजी-13 (तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना सावध करणारं) प्रमाणपत्र मिळावं म्हणून काही हिंसा कापली होती, आणि डिस्कवर आलेल्या न कापलेल्या आवृत्तीत विजेचं दृश्य जास्त क्रूर आहे. गोष्टीला त्यानं काही भर पडत नाही. घरात नववी-दहावीतली मुलं सोबत बसणार असतील तर थिएटरची आवृत्ती पुरे, आणि लिलावाच्या प्रसंगाआधी त्यांना कल्पना द्या. त्याहून लहान मुलांना दाखवू नये.

'सत्य घटना' म्हणून या सिनेमाचे मेसेज फिरतात, त्यावर विश्वास ठेवू नका. विल्यम हिलर नावाच्या अमेरिकन माणसानं आपल्या आयुष्यावर हा सिनेमा आहे असं सांगत व्याख्यानं दिली होती. तो सैन्यातला अधिकारी नव्हताच, आणि 2011 मध्ये फसवणुकीसाठी त्याला 21 महिन्यांची शिक्षा झाली. खऱ्या मानवी तस्करीत परक्या शहरात दार फोडून उचलून नेणं क्वचित. बहुतेक वेळा ओळखीचा माणूस, नोकरीचं किंवा लग्नाचं आमिष. विमानतळावर गोड बोलून पत्ता काढणारा पोरगा हा भाग मात्र खरा आहे. किम त्याच्यासोबत टॅक्सीनं येते, इमारत दाखवते, घरात मोठं कुणी नाही हेही कळू देते. सोनेगावहून विमानानं किंवा स्टेशनवरून रात्रीच्या गाडीनं पुण्या-बंगळुरूला निघालेल्या मुलीला आईबापांनी या तीन गोष्टी टाळायला सांगितल्या तरी पुष्कळ. आणि मूल हरवलंच तर 96 तास सोडा, 24 तासही थांबायचं नसतं. अपहरण गृहीत धरून लगेच एफआयआर नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. 112 किंवा 1098 वर फोन करा, रेल्वेत असाल तर 139. हद्द कुणाची यावरून कुठलंही ठाणं परत पाठवू शकत नाही.

पुढचे भाग? 2012 चा दुसरा इस्तंबूलमध्ये घडतो. त्यात बाप स्वतः कुठं डांबलाय हे मुलीला फोनवरून शोधायला लावतो, स्फोटाच्या आवाजावरून अंतर काढण्याची कल्पना छान आहे, बाकी पहिल्याची नक्कल. तिसऱ्याची गोष्ट अपहरणाभोवती फिरतच नाही, आणि नायक एक कुंपण ओलांडतो त्याला डझनापेक्षा जास्त कट लागतात. दोन्हींचा दिग्दर्शक ऑलिव्हिए मेगातों. 2017 मध्ये तरुण मिल्सवर टीव्ही मालिकाही आली, दोन सीझनमध्ये संपली. पहिला बघा, दुसऱ्यातला तो अंतर मोजण्याचा प्रसंग बघा, तिसरा सोडून दिला तरी चालेल.