कयानीची श्रूजबेरी आणि घरचा ओव्हन

पुण्याच्या कॅम्पातील ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून असलेल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटे मी अनेक वर्षे खात आले आहे. परंतु गेल्या हिवाळ्यात ती घरी करून पाहिल्यावरच त्यांची खरी थोरवी माझ्या लक्षात आली. मैदा, लोणी आणि साखर यांखेरीज त्यांना फारसे काही लागत नाही आणि म्हणूनच चूक लपवायला जागाही उरत नाही. पहिल्या घाण्यात मी पीठ पोळीच्या कणकेसारखे मळले, त्यामुळे मैद्यातील ग्लूटेन हे चिवट प्रथिन ताणले जाऊन बिस्किटे कडक झाली. पुढच्या खेपेस लोणी व पिठीसाखर पांढरटसर होईपर्यंत फेसून, मैदा हलक्या हाताने मिसळून, गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला आणि बिस्किटे १६० अंशांवर वीस मिनिटे भाजली, तेव्हा कुठे हवा तसा खुसखुशीतपणा आला. तरीही कयानीच्या बिस्किटाचा लोण्याचा भरदार सुवास आणि जिभेवर ठेवताच त्याचे विरघळणे मला अजून साधलेले नाही. तिथला मावा केकही उत्तम आहे, मात्र तो ताजाच खावा. दुपारी दुकान बंद असते, तेव्हा सकाळीच जावे.