सीओ-पीओ अटेनमेंट: काही सत्रं वापरून झाल्यावर

मी सिव्हिलला शिकवतो. आमचं कॉलेज स्वायत्त आहे आणि गेली काही सत्रं विभागाची कोर्स आउटकम–प्रोग्रॅम आउटकम अटेनमेंट काढायचं काम माझ्याकडे आहे. कोर्स आउटकम (सीओ) म्हणजे एका विषयातून मुलांना काय यायला हवं, प्रोग्रॅम आउटकम (पीओ) म्हणजे पूर्ण पदवीतून काय यायला हवं, आणि अटेनमेंट म्हणजे ते किती गाठलं गेलं. एनबीएची (तांत्रिक अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या मंडळाची) तयारी चालू असलेल्या कॉलेजात हे शब्द दिवसभर कानावर पडतात. या पद्धतीवरून आपला अभ्यासक्रम चांगला आहे की नाही हे खरंच कळतं का, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे. मत आधीच सांगून टाकतो. प्रश्ननिहाय गुणांची शीट फार मोलाची आहे, प्रत्येकानं ती ठेवावी. तिच्यावरून पुढे जे पीओचे आकडे निघतात, त्यांच्या भरवशावर अभ्यासक्रमाचा कुठलाही निर्णय घेऊ नये.

नवीन लोकांसाठी थोडी पार्श्वभूमी. भारत २०१४ साली वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, कायम सदस्य झाला. तेव्हापासून अभियांत्रिकीच्या मानांकनात काय शिकवलं यापेक्षा मुलांना काय करता येतं, हे दाखवावं लागतं. प्रत्येक विषयाचे पाच-सहा सीओ लिहायचे. पदवीचे पीओ ठरलेले असतात, पूर्वी १२ होते, नव्या आराखड्यात ११ आहेत. कुठला सीओ कुठल्या पीओला किती हातभार लावतो ते १, २, ३ अशा आकड्यांत मांडायचं, हेच मॅपिंग. मग परीक्षेतला प्रत्येक प्रश्न कुठल्या सीओचा ते ठरवून, ठरलेल्या टक्क्यांच्या वर किती मुलं गेली त्यावरून लेव्हल (जास्तीत जास्त ३) काढायची. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तपासणीतही ही अटेनमेंट विचारली जाते, त्यामुळे आर्ट्स-कॉमर्सच्या प्राध्यापकांनाही यातून सुटका नाही.

आता फायदा झाला तो सांगतो. दुसऱ्या वर्षाच्या स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये एक सीओ एसएफडी-बीएमडीचा आहे: बीमवर भार दिल्यावर शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट यांचे आलेख काढता येणं. या सीओची लेव्हल २ आली. टार्गेट गाठलं होतं, फाइल बंद करता आली असती. पण प्रश्ननिहाय शीट उघडली तर एका उपप्रश्नाचा स्तंभ जवळजवळ रिकामा होता. त्यात ओव्हरहँगिंग (आधाराच्या पुढे टोक आलेल्या) बीमवर मध्ये एक कपल, म्हणजे नुसता फिरवणारा मोमेंट, दिलं होतं. जिथे कपल असतं तिथे बीएमडी एकदम उडी घेतो आणि शिअर फोर्स मात्र तसाच पुढे जातो. निम्म्याहून जास्त मुलांनी हा प्रश्न सोडूनच दिला होता. बाकीच्यांतले बरेच रिअॅक्शन (आधारांवरचं बळ) काढतानाच चुकले होते, कारण त्यांनी कपलच्या मोमेंटला पुन्हा अंतरानं गुणलं होतं. त्याच सीओतला साध्या सिंपली सपोर्टेड बीमचा प्रश्न सगळ्यांनी सोडवला होता, आणि त्या गुणांखाली हे झाकलं गेलं.

मग पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलो. दोघांनी दोन्ही विषयांचे सिलॅबस आणि पेपर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. क्रेडिट कमी झाल्यावर मेकॅनिक्समधल्या बीमच्या युनिटचे तास आक्रसले होते. बीमवर कपल आणि त्रिकोणी भार हे दोन्ही तिथून गेले होते. आमच्या सिलॅबसमध्ये ते येतंच असं गृहीत धरून थेट एसएफडीनं सुरुवात होती. म्हणजे हा भाग कुठल्याच सत्रात शिकवला जात नव्हता. मुलं कच्ची, हे स्टाफरूममधलं नेहमीचं उत्तर इथे अन्यायाचं ठरलं असतं. दोष अभ्यासक्रमाच्या सांध्यात होता. आम्ही तिसऱ्या सत्रात सुरुवातीला ट्युटोरियलचे तास त्यासाठी लावले आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाकडे मेकॅनिक्सच्या त्या युनिटमध्ये दुरुस्ती सुचवली. पुढच्या बॅचच्या शीटमध्ये तो स्तंभ भरलेला दिसला. सगळ्यांना गुण मिळाले असं नाही, पण सुरुवात बहुतेकांनी केली होती. अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनातून मला हेच हवं होतं.

शीट भरताना एक गोष्ट मात्र पक्की करा. विकल्पाचा प्रश्न मुलानं निवडला नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा, आणि सक्तीचा प्रश्न सोडला असेल तर शून्य टाकायचं. दोन्हीकडे रिकामं ठेवलं तर फक्त प्रश्न सोडवणाऱ्यांचीच टक्केवारी निघते आणि सगळ्यात अवघड प्रश्नाची अटेनमेंट सगळ्यात चांगली दिसते. आमच्याकडचं सॉफ्टवेअर रिकाम्या रकान्याला गणतीतूनच काढतं. हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगावं लागतं.

संलग्न कॉलेजांची अडचण याहून मोठी आहे. तिथे विद्यापीठाकडून एंड-सेमचे फक्त एकूण गुण येतात, प्रश्ननिहाय येत नाहीत. मग तीच एक टक्केवारी सगळ्या सीओंच्या समोर टाकली जाते. सहा सीओ, सहाही ठिकाणी तोच आकडा! त्यातून कुठला भाग कच्चा राहिला हे कळणार कसं? तासन् तास बसून हे भरणाऱ्या सहकाऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. स्वायत्त कॉलेजात निदान उत्तरपत्रिका आपल्या हातात असतात.

पीओकडे येतो. सीओची अटेनमेंट २.१ असेल आणि मॅपिंग ३ असेल, तर त्या पीओला २.१ जातात. मॅपिंग २ असेल तर त्याचे दोन तृतीयांश, १.४. म्हणजे प्रामाणिकपणे कमी मॅपिंग लिहिणाऱ्या शिक्षकाचा आकडा खाली येतो, त्यामुळे हळूहळू सगळीकडे ३ दिसायला लागतात. नीतिमत्ता, पर्यावरण अशा पीओंचे रकाने रिकामे दिसू नयेत म्हणून जिथे तिथे १ टाकले जातात. वर्षाअखेरीस जो तक्ता तयार होतो तो शिकण्याबद्दल फार थोडं सांगतो. ब्लूमच्या पातळ्यांचंही (प्रश्न नुसती आठवण तपासतो की विचार, याची वर्गवारी) काहीसं तसंच झालंय. पेपरमध्ये प्रश्नासमोर वरची पातळी लिहिलेली असते, पण प्रश्न जुनाच असतो, नुसती लांबी आणि भार बदललेला. पातळी तपासायची तर प्रश्न सोडवून बघणारा दुसरा शिक्षक लागतो. आमच्याकडे हे काही विषयांत सुरू केलंय आणि त्याचा उपयोग होतो.

पदवी संपताना मुलांकडून भरून घेतात त्या एक्झिट सर्व्हेला अटेनमेंटमध्ये बऱ्याच ठिकाणी २० टक्के वजन असतं. टर्मवर्कवर सह्या घ्यायला आलेली मुलं तो उभ्या उभ्या भरतात, सगळीकडे ३. मी त्याऐवजी दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांना फोन केले. कुणी साइटवर आहे, कुणी एमपीएससी करतंय, कुणी ठेकेदाराकडे बिलिंग बघतं. एस्टिमेशनच्या विषयात आमची अटेनमेंट कायम उत्तम असते. पण साइटवरच्या मुलांनी सांगितलं, की वर्किंग ड्रॉइंगमधून क्वांटिटी काढायची वेळ आली तेव्हा हात थांबला. ड्रॉइंगचं रिव्हिजन आल्यावर काय बदललं ते शोधणं, बार बेंडिंग शेड्यूल (सळयांच्या मापांचा तक्ता) बनवणं आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतली नेमकी बाब निवडणं, हे जमत नसल्याचं त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. आम्ही शिकवतो दोन खोल्यांच्या घराचा ठरावीक आराखडा, आणि परीक्षेतही तोच येतो.

या पद्धतीची खरी मर्यादा इथे दिसते. आम्ही जे लिहून ठेवलं ते मुलांनी किती गाठलं, एवढंच ती मोजते. जे लिहिलं ते योग्य होतं का, आणि जे लिहिलंच नाही त्याचं काय, हे तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यासाठी माजी विद्यार्थी लागतात, पुढचा विषय शिकवणारा शिक्षक लागतो, आणि अभ्यास मंडळावरचा बाहेरचा तज्ज्ञ नुसता सहीपुरता न येता पेपर वाचणारा लागतो. राज्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे नवे आराखडे आलेत. ते स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झाले. क्रेडिटची मांडणी बदलली की विषयांमधले असे सांधे नव्यानं निखळतात, म्हणून ही तपासणी आत्ताच करायला हवी.

तुमच्या विभागात सुरुवात करायची असेल तर सगळे विषय एकदम घेऊ नका. एकमेकांवर उभे असलेले दोन विषय घ्या, मेकॅनिक्स आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्ससारखे. संलग्न कॉलेजात असाल तर निदान इन-सेम (सत्राच्या मधली परीक्षा) आणि युनिट टेस्टचे प्रश्ननिहाय गुण ठेवा, तेवढ्यावरही बरंच दिसतं. सॉफ्टवेअर विकत घेण्याची घाई नको, साध्या स्प्रेडशीटवर हे होतं. एस्टिमेशनसाठी आम्ही पुढच्या सत्रापासून खऱ्या कामाची ड्रॉइंग्ज, रिव्हिजनसकट, टर्मवर्कमध्ये घेतोय. अभ्यास मंडळाच्या बैठकीत अटेनमेंटच्या तक्त्यासोबत प्रश्ननिहाय शीट आणि माजी विद्यार्थ्यांशी झालेल्या बोलण्याची टिपणं मांडायची मागणी केली आहे. ती मान्य झाली की त्याबद्दलही लिहीन.